सहलीचा दिवस आणि रांगेचा हिशेब

[दृश्य: पहाटेचा महामार्ग. चहाच्या टपरीसमोर थांबलेली सहलीची एसटी. खिडकीच्या काचा पुसून बाहेर पाहणारी मुले.]

लातूर, बीड किंवा परभणी जिल्ह्यातील एखाद्या शाळेची सहल खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या थीम पार्ककडे निघते, तेव्हा ती रात्री जेवणे उरकून निघते, सकाळी पोहोचते आणि त्याच संध्याकाळी परतीच्या वाटेला लागते. ज्या दिवसासाठी पालकांनी आधीपासून पैसे बाजूला काढून ठेवलेले असतात, तो दिवस प्रत्यक्षात सात-आठ तासांचाच असतो. त्या तासांपैकी किती वेळ मूल राइडवर असते, किती वेळ रांगेत उभे असते, आणि मोबाइल ॲप व बिनतारी तंत्रज्ञान या हिशेबात काय बदल घडवू शकते, हे आपण या लघुपटात पाहणार आहोत.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत त्या तोडीचे थीम पार्क नाही. छत्रपती संभाजीनगर आणि जालना भागातील लोक मुंबई-खोपोलीकडे जातात, तर नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या लोकांना हैदराबाद आणि तिथली सुमारे १,६६६ एकरांवर पसरलेली रामोजी फिल्म सिटी जवळची वाटते. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून जालना आणि संभाजीनगरहून मुंबईच्या दिशेने जाणे सोपे झाले आहे. मात्र अंबाजोगाई, औसा किंवा परंड्याच्या माणसासाठी हा प्रवास अजूनही रात्रभराचाच आहे. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याला पुढच्या रविवारी पुन्हा येणे शक्य नसते. जवळच्या शहरातील कुटुंबाची एक राइड हुकली तर ती पुढच्या वेळेवर टाकता येते. आपल्याकडच्या मुलाची हुकली तर ती बहुधा कायमचीच हुकते. थीम पार्कमधील कोणत्याही नव्या सोयीचा विचार या पाहुण्यापासून सुरू व्हायला हवा, असे आम्हाला वाटते.

[दृश्य: रोलर कोस्टरची रांग. लोखंडी कठड्यांमधून वळणे घेत पुढे सरकणारी माणसे.]

रांगेचे गणित कठीण नाही. समजा, एका रोलर कोस्टरच्या गाडीत २० जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ६०० जण राइड घेतात. रांगेत ४५० माणसे उभी असतील, तर शेवटच्या माणसाला पाऊण तास थांबावे लागेल. रांगेतील माणसे, त्यांचा वेग आणि त्यांचा थांबण्याचा वेळ यांच्यातील हा संबंध अमेरिकन प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला, आणि बँकेपासून विमानतळापर्यंत रांगांचे सारे नियोजन आजही त्याच्या आधारे चालते. ॲप आले म्हणून गाडीतल्या २० जागांच्या २५ होत नाहीत, ही गोष्ट या चर्चेत प्रथम मान्य करायला हवी. तंत्रज्ञानाच्या हाती दोनच गोष्टी आहेत: माणसाने कुठे थांबायचे आणि कोणत्या वेळी यायचे.

पहिला उपाय म्हणजे थांबण्याचा वेळ खरा सांगणे. किती वेळ लागणार हे ठाऊक असेल, तर तोच पाऊण तास कमी जाचक वाटतो, हे रेल्वे फलाटावर उभे राहिलेल्या प्रत्येकाने अनुभवले आहे. पण हा आकडा काढायचा कसा? डिझनीच्या उद्यानांत त्यासाठी एक साधी युक्ती वापरली जात असे. रांगेच्या तोंडाशी उभा असलेला कर्मचारी एखाद्या पाहुण्याच्या गळ्यात लाल कार्ड अडकवी, आणि राइडपाशी पोहोचल्यावर ते कार्ड यंत्रावर टेकवून परत घेतले जाई. दोन वेळांतील फरक हाच प्रतीक्षेचा आकडा. आज हेच काम पाहुण्यांच्या फोनमधील किंवा मनगटावरील पट्ट्यातील ब्लूटूथ संदेश टिपणारी छोटी यंत्रे करू शकतात आणि तो आकडा ॲपमध्ये लगेच दिसतो. सगळीकडची प्रतीक्षा एकाच पडद्यावर दिसू लागली की माणसे आपणहून कमी गर्दीच्या बाजूला वळतात.

दुसरा उपाय म्हणजे न उभे राहता नंबर लावणे. डिझनीने १९९९ मध्ये फास्टपास नावाची कागदी चिठ्ठी सुरू केली. यंत्रातून परत येण्याची वेळ छापलेली चिठ्ठी घ्यायची, मध्ये जेवून घ्यायचे किंवा दुसरीकडे फिरायचे आणि त्या वेळी येऊन थेट पुढच्या रांगेत जायचे. पुढे ही चिठ्ठी फोनवर आली. २०१७ मध्ये अमेरिकेतील ओरलँडो येथे सुरू झालेल्या व्होल्केनो बे या वॉटर पार्कने प्रत्येक पाहुण्याच्या मनगटावर पाणी न शिरणारा पट्टा बांधला. राइडपाशी पट्टा टेकवला की नंबर लागे आणि आपली पाळी आली की पट्टा थरथरे. दवाखान्यात टोकन घेऊन बाहेर बाकावर बसणाऱ्या माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

या सोयीलाही मर्यादा आहे. रांगेतून मोकळी झालेली माणसे हवेत विरत नाहीत. ती दुसऱ्या राइडच्या रांगेत, खाण्याच्या टपऱ्यांवर आणि सावलीच्या बाकांवर जातात. तिथे पुरेशी जागा नसेल, तर एका ठिकाणची गर्दी दुसरीकडे सरकते इतकेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत, चाळीस अंशांच्या उन्हात, नंबर लावून मोकळ्या झालेल्या माणसाला बसायला सावली आणि प्यायला पाणी नसेल, तर पंखे लावलेली रांगच बरी, असे तो म्हणेल आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही.

[दृश्य: राइडच्या तोंडाशी उंची मोजण्याची रंगीत पट्टी. एक लहान मुलगा टाचा उंचावतो.]

या पट्टीपाशी आपण थोडे थांबू. मोठ्या वेगाच्या राइडना किमान उंचीची अट असते. कुठे १२० सेंटिमीटर, कुठे १४०. ही अट सुरक्षेसाठी आहे आणि तिच्यात सवलत देता येत नाही, देऊही नये. पण ती कळते कधी? अनेकदा मूल भावाबरोबर किंवा वर्गमित्रांबरोबर तासभर उभे राहते, त्याची पाळी येते, आणि तेव्हा कर्मचारी त्याला पट्टीशी उभे करून बाजूला काढतो. पाचवी-सहावीच्या सहलीत एकाच वर्गातील निम्मी मुले बसतात आणि निम्मी परततात, हे दृश्य कोणत्याही शिक्षकाला नवे नाही. प्रवेशद्वारावर एकदाच उंची मोजून ती मनगटावरच्या पट्ट्यात नोंदवली, तर कोणत्या मुलाला कोणत्या राइड मोकळ्या आहेत हे शिक्षकांच्या फोनवर सकाळीच दिसेल, आणि वर्गाच्या दोन तुकड्या करून दोन्हींचा दिवस भरगच्च आखता येईल. या सोयीला मोठा खर्च नाही. फोनही नको असेल, तर उंचीनुसार वेगवेगळ्या रंगांचे साधे पट्टे पुरतात.

सहलीसाठी दुसरी गरज आहे निघण्याच्या वेळेची. ॲप पाहुण्याला काय आवडते ते विचारते, कुठे जेवायचे ते सुचवते. पण तुमची गाडी किती वाजता सुटणार, हेही त्याने विचारायला हवे. गाडी पाचला निघणार असेल, तर पावणेपाचचा नंबर देऊन उपयोग नाही. ४५ मुलांमागे दोन-तीनच फोन असतात, तेव्हा एका फोनवर सगळ्या गटाचे पट्टे जोडता यायला हवेत. आणि हे सारे मराठीत हवे. 'पुढे जा', 'नंबर लावा', 'पाणी कुठे आहे' इतके शब्द स्पष्ट असले, तर नातवंडांबरोबर आलेल्या आजीलाही कुणाला विचारत बसावे लागणार नाही.

[दृश्य: जत्रेतील आकाशपाळणा. ध्वनिक्षेपकावरून पुकारा: “लाल फ्रॉक घातलेली, पाच वर्षांची मुलगी मंडपापाशी सापडली आहे. आई-वडिलांनी ताबडतोब यावे.”]

माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेपासून तुळजापूरच्या नवरात्रापर्यंत, हरवलेल्या लेकराचा पुकारा आपण सर्वांनी ऐकला आहे. तो पुकारा ऐकताना प्रत्येक आई आपल्या मुलाचा हात घट्ट धरते. डेन्मार्कमधील बिलुंड येथील लेगोलँडने यावर २००४ मध्येच बिनतारी उपाय करून पाहिला. मुलाच्या मनगटावर वाय-फायचा छोटा टॅग बांधायचा. उद्यानभर बसवलेल्या अँटेना त्याचे ठिकाण टिपत राहायच्या. मूल दिसेनासे झाले तर पालकांनी एसएमएस पाठवायचा, आणि मूल कोणत्या भागात आहे हे सांगणारा संदेश त्यांना परत यायचा. स्मार्टफोन घरोघरी पोहोचण्यापूर्वीची ही गोष्ट आहे, आणि साध्या फोनवर चालणारी असल्यामुळे ती आपल्याला अधिक जवळची आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मूल दिवसभर कुठे होते, काय खाल्ले, कुठे रेंगाळले ही माहिती कुटुंबाची आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. शाळेच्या सहलीत ही संमती निघण्यापूर्वीच, पालकसभेत, समजावून सांगून घ्यावी लागेल. प्रवेशद्वारावर घाईत दाबलेल्या बटणाला संमती म्हणणे योग्य नाही. संध्याकाळी पट्टा परत करताना त्यातील नोंद पुसली जावी, ही अपेक्षाही रास्त आहे.

पट्टा की फोन, या प्रश्नावर आमचे मत पट्ट्याच्या बाजूने आहे. फोन पाण्यात नेता येत नाही, उलटसुलट फिरणाऱ्या राइडवर खिशातून पडतो आणि दिवसभर नकाशा पाहून, फोटो काढून दुपारनंतर त्याची बॅटरी उतरते. पट्ट्यातील आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींवरून ओळख पटवणाऱ्या, चिपला मात्र बॅटरीची गरज नसते. वाचक यंत्राच्या रेडिओ लहरींमधूनच तिला क्षणभर पुरेल इतकी ऊर्जा मिळते. टोल नाक्यावर फास्टॅग याच तत्त्वावर वाचला जातो, आणि वैष्णोदेवीच्या यात्रेत २०२२ पासून यात्रेकरूंना आरएफआयडी कार्ड दिले जाते. डिझनीने फ्लोरिडात २०१३ मध्ये आणलेल्या मॅजिकबँडने प्रवेश, खोलीचे कुलूप, नंबर आणि खरेदी ही चारही कामे मनगटावर आणली. ती सारी योजना सुमारे १ अब्ज डॉलरची असल्याचे सांगितले गेले. आपल्याकडे तेवढ्या खर्चाची गरज नाही. प्रवेश, नंबर आणि आधी भरलेल्या पैशातून वडापाव घेणे इतके साधले तरी पुष्कळ आहे.

[दृश्य: फोन उंच धरून रेंज शोधणारे हात.]

गर्दीच्या दिवशी सर्वांत आधी दगा देते ती रेंज. एका मोबाइल टॉवरची क्षमता त्याच्या परिसरातील सर्व फोनमध्ये वाटली जाते. हजारो माणसे एकाच वेळी व्हिडिओ पाठवू लागली की यूपीआयचे पैसे अडकतात आणि तिकिटाचा क्यूआर कोड उघडत नाही. वाय-फायची अडचण आणखी वेगळी आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि माणसाच्या शरीरात बहुतांश पाणीच असते. त्यामुळे रिकाम्या उद्यानात उत्तम चाललेली यंत्रणा माणसांच्या भिंतीपुढे थकते. अँटेना डोक्यांच्या वर, जवळजवळ आणि दाटीच्या जागी जास्त बसवाव्या लागतात. ॲपही असे हवे की नकाशा, वेळापत्रक आणि तिकीट घरी असतानाच फोनमध्ये उतरवून घेता येईल, आणि रेंज गेली तरी दिवस अडणार नाही. आदल्या रात्री गावातूनच हे काम उरकता आले, तर सकाळी दारात होणारा खोळंबा आपोआप टळेल.

आता पैशाचा प्रश्न. मोठ्या उद्यानांत जास्त दराचे तिकीट घेऊन वेगळ्या, वेगवान रांगेतून जाण्याची सोय असते. डिझनीने फ्लोरिडात जे वर्षानुवर्षे मोफत दिले, त्यासाठी २०२१ पासून शुल्क आकारले जाऊ लागले. पुन्हा लिटल यांच्या गणिताकडे वळा: तासाला ६०० जागांपैकी ३०० जागा वेगवान रांगेला दिल्या, तर साध्या रांगेतील ४५० जणांचा पाऊण तास दीड तासाचा होतो. ॲपमुळे हे विकणे इतके सोपे होते की उद्यानाला तो मोह आवरणे कठीण जाते. आमची मागणी स्पष्ट आहे. वेगवान रांगेला किती जागा दिल्या, हे ॲपवर आणि फलकावर जाहीर असावे, आणि शाळांच्या सहलींना, दिव्यांग पाहुण्यांना व ज्येष्ठांना ठरावीक वेळेचे नंबर कोणत्याही जादा पैशाविना मिळावेत.

[दृश्य: पैठण. नाथसागराच्या पाण्यावरची दुपार. संत ज्ञानेश्वर उद्यानातील झाडांची सावली.]

या प्रयोगांसाठी मोठ्या थीम पार्कची वाट पाहण्याचे कारण नाही. १९७६ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी पैठणचे संत ज्ञानेश्वर उद्यान आहे, आणि मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबांची पहिली सहल तिथेच झालेली आहे. वेरूळ आणि अजिंठ्याचे तिकीट आज ऑनलाइन काढता येते. अशा ठिकाणी कमी वेगाच्या नेटवरही उघडेल असे एक मराठी पान, पाण्याच्या व स्वच्छतागृहांच्या जागा दाखवणारा नकाशा, दारावर किती गर्दी आहे याचा ताजा आकडा आणि लहान मुलांसाठी पालकांचा फोन नंबर जोडलेला साधा पट्टा, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. संभाजीनगर, नांदेड आणि लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले हे काम आहे, आणि अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी याहून उपयोगी विषय शोधावा लागणार नाही. चाचणी मात्र आडवारी, मोकळ्या बागेत घेऊ नये. नाथषष्ठीला दिंड्या पैठणात उतरतात आणि गोदाकाठ माणसांनी भरून जातो. यंत्रणा त्या दिवशी सुरू ठेवावी, कुठे अडते ते टिपून घ्यावे आणि मगच ती सहलीच्या हंगामात मुलांच्या हाती द्यावी.