हे कोणी केलं, किती दिवसांत केलं?

नमस्कार. श्रावण सुरू आहे, सणांची खरेदी तोंडावर आली आहे, तेव्हा आपण कपडे कोणाकडून आणि कशा भावानं घेतो, हा विषय आत्ताच बोललेला बरा.

कपड्याचा विचार पुण्याला नवा नाही. 1870 साली सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या उभारणीत पुढे असलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, 1877 च्या दिल्ली दरबाराला गेले ते स्वतः कातलेल्या सुताची खादी घालून. भोवती जरीत नटलेले राजेरजवाडे आणि मधे हा खादीतला माणूस. पुढे 1905 मध्ये याच शहरात परदेशी कापडाची होळी झाली. त्या वेळी विचारायचं होतं, कापड कुठल्या देशातलं? आज मला त्याच्या पुढचं विचारावंसं वाटतं. हे कोणी केलं, त्याला किती दिवस लागले, आणि त्या दिवसांचे त्याच्या हातात किती पडले?

24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि 1,100 हून अधिक माणसं गेली, त्यांतली बहुतेक शिलाई कामगार. भिंतींना भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या, तरी सकाळी त्यांना कामावर बोलावलं गेलं. स्वस्त आणि झटपट कपड्यामागे काय असू शकतं, हे तेव्हा जगाला दिसलं.

मग आपण म्हणतो, चला, हातमागाचं घेऊ, लहान कारागिरांकडून घेऊ. अगदी बरोबर. पण हातानं केलेलं म्हणजे आपोआप न्यायाचं, असं मात्र धरून चालू नका. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशात 35 लाखांवर विणकर आणि विणकामाशी जोडलेले कामगार नोंदले गेले. त्यांत 70 टक्क्यांहून जास्त बायका आहेत. मागावर बसणारा आपल्याला दिसतो. कांड्या भरणारी, सूत उकलणारी, ताणा लावायला हात देणारी घरातली बाई दिसत नाही. तिचे दिवस किमतीत धरलेत का, हे कोणी विचारतच नाही.

एक साधा हिशोब मांडते. आकडे निव्वळ समजुतीसाठी आहेत. कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या हॉलमधल्या प्रदर्शनात एक सुती साडी 2,400 रुपयांना आहे असं समजा. सूत आणि रंग यांचे 800 काढा. प्रवास आणि स्टॉलचं भाडं मिळून 600 काढा. उरले 1,000. साडीला मागावर आणि मागाबाहेर मिळून दोन माणसांचे तीन दिवस गेले असतील, तर माणशी रोजचे पावणेदोनशेही होत नाहीत. आता आपण सवयीनं म्हणतो, "दोन हजारांना द्या ना." हे 400 कुठून कमी होणार? सूतवाला कमी करत नाही, हॉलवाला भाडं सोडत नाही. ते त्या उरलेल्या हजारातूनच जाणार, म्हणजे माणशी रोज शंभर रुपयांवर येतो. दुकानदाराशी घासाघीस करण्यात आपण पुणेकर पटाईत आहोत, पण बनवणाराच समोर उभा असेल तिथे ती करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता खरं-खोटं ओळखायचं कसं? पैठणी घ्या. येवल्याच्या मागावर विणलेल्या अस्सल पैठणीचा पदर उलटा करून बघा. मोर, मुनिया, वेल, जे पुढे आहे ते मागेही तसंच नेटकं दिसतं, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेपुरताच फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. उलट बाजूला लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले, तर नक्षी जॅकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप उठवणाऱ्या यंत्रणेवर, बहुतेकदा यंत्रमागावर निघालेली आहे. ती साडी वाईट असते असं नाही. यंत्रमागावरही माणसंच राबतात. इचलकरंजी, मालेगाव, सोलापूर यांची पोटं त्यावर आहेत. पण यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून विकणं ही फसवणूकच. साडीसकट 11 प्रकारांतलं ठरावीक कापड हातमागासाठी राखून ठेवणारा 1985 चा कायदा आहे, आणि हातमागाच्या कापडाला 'हँडलूम मार्क'ची चिठ्ठीही असते. तरीही माझा भरवसा चिठ्ठीपेक्षा प्रश्नावर जास्त. कुठल्या गावची, कोणी विणली, किती दिवस लागले? ज्याला माहीत असतं तो सांगताना खुलतो, मोबाइलमधला मागाचा फोटो दाखवतो. ज्याला माहीत नसतं तो लगेच दुसरा रंग दाखवायला घेतो.

कोल्हापुरी चपलेचंही तेच. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, हातानं विणलेली वेणी, हाताची शिलाई. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं तशाच चपला दाखवल्या आणि मूळ कुठलं ते सांगितलं नाही, तेव्हा आपण सगळे चिडलो. चिडायलाच हवं होतं, आणि कंपनीला भारतीय कारागिरीचा वारसा मान्य करावा लागला. पण आपल्याच बाजारात रेक्झिनची चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून सर्रास विकली जाते, तेव्हा आपण गप्प का बसतो?

आणि कारागीर म्हणजे फक्त येवल्याचा किंवा कोल्हापूरचाच नव्हे. जुन्या साड्यांची गोधडी शिवणारी मावशी, कॉलर उलटून देणारे शिंपीकाका, रफू करणारा, हे आपल्या पेठेतलेच स्वतंत्र कारागीर आहेत. आहे तो कपडा आणखी पाच वर्षं चालवणं ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांना परवडणारी वाट आहे. "आम्हाला हातमाग परवडत नाही," असं मला नेहमी ऐकायला मिळतं. खरं आहे, रोज नाही परवडत. वर्षात चार साड्या घेणार असाल तिथे हातमागाची एक घ्या.

ती एक घेताना मात्र आधी सांगून ठेवा. लहान कारागिराकडे तयार मालाचे ढीग नसतात. सूत आणायला पैसे नसले की माग रिकामा राहतो. म्हणून कौतुकापेक्षा त्याला आगाऊ रकमेची गरज असते. पैठणी पदराप्रमाणे महिना घेईल, नाहीतर कित्येक महिने. दिवाळीच्या पाडव्याला साधी सुती साडी हवी असेल, तर रंग आणि काठ याच आठवड्यात ठरवा, निम्मे पैसे द्या, तारीख विचारून घ्या. आणि मधे पाऊस लांबला, रंगवलेलं सूत वाळलं नाही असा फोन आला, तर आठ-दहा दिवस वाढवून द्या.