हाच मारतो

नमस्कार. विषय ठरलाय 'द इडियट: कादंबरी आणि मालिका', वेळ चाळीस मिनिटं, त्यातली दहा माझा परिचय करून देण्यात गेली, आणि परिचय ऐकून मलाच वाटलं की हा माणूस भेटायला हवा. असो. समोर बसलेल्या बऱ्याच जणांनी दस्तयेव्हस्की, म्हणजे ह्या रशियन कादंबरीचा लेखक, वाचलाय असं धरून चालतो, नसेल वाचला तर मान हलवत राहा, मला चालतं.

आधी माझी जुनी तक्रार. कॉलेजात असताना एका वाचनालयातून ह्या कादंबरीच्या इंग्रजी भाषांतराची जुनी प्रत आणली होती. पहिलंच प्रकरण, नोव्हेंबरची अखेर, वॉर्साहून पीटर्सबर्गला निघालेली गाडी, सकाळचे नऊ, थर्ड क्लासच्या डब्यात समोरासमोर दोन तरुण, एक बोचकं घेतलेला मिश्किन, म्हणजे नायक, आणि दुसरा रोगोझिन. आणि रोगोझिनच्या नावाशेजारी समासात कुणीतरी पेन्सिलीनं बाण काढून मराठीत लिहिलेलं, 'हाच मारतो तिला.' अहो, 'ती' कोण हेसुद्धा मला अजून माहीत नव्हतं! तणतणत ग्रंथपालांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून पान पाहिलं, म्हणाले अक्षर ओळखीचं वाटतंय, आणि ड्रॉवरमधून खोडरबर काढून माझ्या हातात दिला. मी खोडलं, पण लिहिणाऱ्यानं पेन्सिल इतकी दाबून चालवली होती की उजेडात पान तिरकं धरलं की अक्षरं दिसायचीच. त्या माणसाला मी तीस वर्षं शिव्या दिल्यात, आणि मनात त्याचा चेहरासुद्धा ठरवून टाकलाय. जाड मिशा.

(मिशांवरून मिश्किनचं नाव आठवलं, रशियनमध्ये 'मिश' म्हणजे उंदीर, आपल्या मूषकाचा सख्खा नातेवाईक. आणि त्याचं पहिलं नाव ल्येव, म्हणजे सिंह. सिंह-उंदीर! दिग्दर्शक मणी कौलनी दूरदर्शनसाठी ह्याच कादंबरीवर 'अहमक' ही चार भागांची मालिका केली, मुंबई-गोव्यात घडणारी, तिथे त्याचा झाला मिस्कीन. मिस्कीन हां, म्हणजे दीन, गरीब, मिस्कील नव्हे. नाव तिथे जसंच्या तसं बसतं, ह्याला म्हणतात नशीब.)

तर 'अहमक'. त्यात रोगोझिनच्या जागी कोण? शाहरुख खान! तेव्हा तो अजून स्टार झालेला नव्हता, 'बाजीगर' आणि 'डर' दोन्ही १९९३चे, ही मालिका त्याच्या आधीची. पण आज तुम्ही बघता तेव्हा तो पडद्यावर आला रे आला की तुमच्या डोक्यात क-क-क सुरू. म्हणजे इथे समासातली पेन्सिल बॉलिवूडनं चालवलीय, आणि तीही नंतर.

अध्यक्ष घड्याळ बघतायत. मुद्द्यावर येतो.

यंदा मी कादंबरी पुन्हा वाचली, सोबत व्लादिमीर बोर्त्कोंची २००३ची दहा भागांची रशियन मालिका, रोज थोडी पानं आणि रात्री एक भाग. आणि पहिल्याच दिवशी, कादंबरीतल्या पहिल्या दिवशी म्हणतोय, गान्या नावाचं एक पात्र विचारतो की रोगोझिन नायिकेशी, नस्तास्या फिलिपोव्हनाशी, लग्न करेल का, तेव्हा मिश्किन सहज म्हणतो, लग्न काय उद्यासुद्धा करेल, आणि आठवड्याभरात कदाचित सुरा चालवेल. म्हणजे शेवट लेखकानंच सांगून टाकलेला! पेन्सिलवाल्यानं फक्त वीसेक पानं घाई केली. आणि कॉलेजात मी हे वाक्य वाचूनही पुढे गेलो, कारण मिशीवाल्यावर चिडलो होतो.

आता हे भराभर. कादंबरी मासिकात हप्त्याहप्त्यानं आली, १८६८ पासून. दस्तयेव्हस्की सावकारांना चुकवून परदेशात, पुढे काय होणार त्याचं त्यालाच पक्कं नाही, तरी ते वाक्य छापून गेलेलं, मग वर्षभर त्या वाक्याकडे चालत जायचं. म्हणून माझं म्हणणं, ही गोष्ट सिनेमाची नाही, मालिकेचीच. रशियन दिग्दर्शक पीर्येवचा १९५८चा सिनेमा पहिल्या भागावरच थांबतो, लाख रुबल आगीत टाकले की संपला. बोर्त्को शेवटपर्यंत जातो, संवाद बहुतेक पुस्तकातलेच, आणि मिश्किन म्हणजे येव्गेनी मिरोनोव. पण एक घोळ होतो. पुस्तकात मिश्किन ऐकत बसला की पानावरून नाहीसाच होतो, दुसरे बोलत राहतात आणि आपण त्याला विसरतो. पडद्यावर ऐकणाऱ्याचाही चेहरा दिसतो, आणि मिरोनोवचा चेहरा असा की त्याला सगळं आधीच कळलंय हे आपल्याला दर भागात कळतं. मला आधी हे खटकलं, आता वाटतं बरोबरच आहे.

आणि तो सुरा! रोगोझिनच्या अंधाऱ्या घरात टेबलावर पडलेला, मिश्किन बोलताबोलता उचलतो, रोगोझिन काढून घेतो, हा पुन्हा उचलतो. कशासाठी आणलाय तर पुस्तकाची पानं कापायला, इतिहासाच्या पुस्तकात खुणेसारखा ठेवायला. पुस्तकात पेन्सिल परवडली म्हणायची.

चिठ्ठी आली. चिनी फुलदाणीचं राहिलंच. मिश्किनशी लग्न ठरत आलेली अग्लाया घरच्या मेजवानीच्या आदल्या संध्याकाळीच त्याला बजावते, फुलदाणी फोडशील बघ. फोडतो. चला, चहा गार होतोय.