दोन मांड्या, दोन सुया

नमस्कार श्रोतेहो.

परवा लसीकरणाच्या दिवशी कागलकडच्या एक आजी दीड महिन्याच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. एका मांडीत सुई टोचली, बाळानं टाहो फोडला. सिस्टरनी दुसरी मांडी पुढं घेतली, तशी आजी माझ्याकडं वळल्या. "डॉक्टरबाई, मी इचारतो म्हणून राग मानू नका. एका मांडीत टोचलं, ते ऱ्हाऊ द्या. ह्या दुसऱ्या मांडीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

कोल्हापूरबाहेरचं कुणी ऐकत असेल तर सांगते, आमच्याकडं बायकासुद्धा 'मी इचारतो, मी जातो' असंच बोलतात. आजींचं काही चुकलं नव्हतं आणि प्रश्न तर अगदी रास्त होता. बाहेर रांग होती, म्हणून मी दोन वाक्यांत उत्तर दिलं. घरी जाताना मात्र ते उत्तर फार तोकडं वाटलं. आज ते पुरं करते.

दीड महिन्याला एका मांडीत देतात ती पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच रोगांवरची एकच लस: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या जंतूचा आजार. दुसऱ्या मांडीतली पीसीव्ही, न्यूमोकोकस या जंतूवरची. हिब आणि न्यूमोकोकस हे दोघेही न्यूमोनिया करतात आणि दोघेही मेंदूच्या आवरणात शिरून मेंदूज्वर करतात. म्हणजे आजींच्या नातवाच्या दोन्ही मांड्यांत मेंदूज्वराविरुद्धची लस गेली. खरं तर तिसरी आधीच झाली होती. जन्मल्यावर डाव्या दंडावर देतात ती बीसीजी, जिचा व्रण आपल्या सगळ्यांच्या हातावर असतो, ती लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून वाचवते. हे कार्डावर लिहिलेलं नसतं आणि आम्ही डॉक्टरही घाईत सांगत नाही.

हिबचं पूर्ण नाव हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी. नावात इन्फ्लुएन्झा असला तरी फ्लूशी त्याचा संबंध नाही. 1892 मध्ये फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या रुग्णांत हा जंतू सापडला. हाच फ्लू करतो असं त्यांना वाटलं, आणि चुकीचं नाव चिकटलं ते चिकटलंच.

मी शिकाऊ डॉक्टर होते तेव्हा या लसी सरकारी यादीत नव्हत्या. तापानं फणफणलेलं, टाळू फुगलेलं, मान मागं टाकलेलं बाळ घेऊन आईबाप रात्री-अपरात्री यायचे. पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल म्हटलं की घरच्यांचा जीव गोळा व्हायचा. पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं पडतं, हा समज तेव्हा घट्ट होता, अजूनही पुरता गेलेला नाही. मूल लुळं पडलंच तर ते रोगानं पडतं, सुईनं नाही. मला आठवते ती एक सव्वा वर्षाची मुलगी. वाचली, हसायला लागली, आम्ही पेढे खाल्ले. महिन्याभरानं आई परत आली आणि म्हणाली, हाक मारली तरी बघत नाही. दोन्ही कान गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं जिवाणूंमुळं मेंदूज्वर झालेल्या सहांपैकी एक रुग्ण दगावतो आणि पाचांपैकी एकाला असं काहीतरी गंभीर मागं उरतं.

आता या लसी कशा झाल्या, ते. आपला जिल्हा साखरेचा, आणि गंमत म्हणजे ही गोष्टही साखरेचीच आहे.

या जंतूंच्या अंगावर साखरेचं कवच असतं. चहातली साखर नव्हे. साखरेचे कण एकाला एक जोडून झालेली लांब साखळी. या कवचामुळं रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जंतू गिळता येत नाही. शास्त्रज्ञांनी विचार केला की ते कवचच काढून शुद्ध करून टोचावं, म्हणजे शरीर ते ओळखायला शिकेल. मोठ्या माणसांत ही युक्ती चालली. 1960 च्या दशकात अमेरिकी लष्करात बराकींत दाटीवाटीनं राहणाऱ्या नव्या जवानांत मेंदूज्वर करणाऱ्या मेनिंगोकोकस या तिसऱ्या जंतूची साथ यायची. तिथं अशा साखरेच्या लसी उपयोगी ठरल्या.

मग 1974 मध्ये फिनलंडमध्ये मोठी चाचणी झाली. तीन महिने ते पाच वर्षं वयाची सुमारे एक लाख मुलं. या चाचणीची मांडणी मला फार आवडते. निम्म्या मुलांना हिबची लस दिली आणि निम्म्यांना मेनिंगोकोकसच्या अनेक गटांपैकी 'ए' गटाची. फिनलंडमध्ये तेव्हा त्या गटाचीही साथ होती. म्हणजे कुणाच्याच मुलाला नुसतं पाणी टोचलं नाही, आणि तरीही दोन्ही गटांची तुलना करता आली. कुठल्या मुलाला काय दिलं हे आईलाही माहीत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. कारण माहीत असलं की माणूस नकळत आपल्याला हवं तेच पाहतो.

निकाल काय आला? हिबच्या लसीनं दीड वर्षावरच्या मुलांना संरक्षण दिलं. त्याखालच्या मुलांना काहीच नाही. आणि हिबचा मेंदूज्वर मुख्यत्वे त्याखालच्याच मुलांना होतो! तान्ह्या बाळाच्या शरीराला नुसती साखर ओळखताच येत नाही.

यावरचा तोडगा 1929 पासून कागदावर पडून होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये एव्हरी आणि गोबेल यांनी दाखवलं होतं की साखर एखाद्या प्रथिनाला जोडली तर शरीर तिच्याविरुद्धही जोमानं प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढणारी रक्तातली हत्यारं, तयार करतं. प्रथिन बाळाला ओळखता येतं, त्याच्या बोटाला धरून साखरही ओळखीची होते. आमचे सर वर्गात म्हणायचे, लगीनघरात नवख्या पाहुण्याला कोण विचारणार, पण मामाबरोबर आला की त्यालाही पाट मिळतो. ते मामाचं काम बऱ्याचदा धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाकडं असतं. अशा जोडलसीपैकी पहिली हिबची, अमेरिकेत 1987 मध्ये मंजूर झाली. 1929 ते 1987, हिशेब तुम्हीच करा.

आता आफ्रिका. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत 26 देशांचा एक पट्टा आहे, त्याला मेंदूज्वराचा पट्टाच म्हणतात. कोरड्या ऋतूत वाळवंटाकडून धुळीचा वारा सुटतो, घसे सोलवटतात आणि साथ उसळते. 1996-97 मध्ये अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले, सुमारे 25 हजार गेले. बहुतेक साथी मेनिंगोकोकसच्या 'ए' गटाच्या. जोडलस कशी करायची ते ठाऊक होतं, पण तिथल्या सरकारांचं म्हणणं एकच होतं: डोस अर्ध्या डॉलरच्या आत हवा, नाहीतर आम्हाला परवडणार नाही. या किमतीत मोठ्या परदेशी कंपन्यांना रस नव्हता. 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेनं मिळून प्रकल्प उभा केला. साखर आणि प्रथिन जोडायची पद्धत अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या शास्त्रज्ञांनी दिली आणि लस बनवायचं काम आलं आपल्यापासून चार-पाच तासांवर, पुण्यात हडपसरला, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. तिचं नाव मेनआफ्रिव्हॅक.

तपासणीची पायरी सोडता येत नाही. आधी प्राणी. मग 2005 मध्ये भारतातच 18 ते 35 वयाचे 74 निरोगी स्वयंसेवक. तिथं सगळं सुखरूप दिसल्यावर 2006 मध्ये माली आणि गांबियातली एक ते दोन वर्षांची 601 बाळं. पुढं मोठी मुलं आणि तरुण. आपल्याकडं पुणे जिल्ह्यातल्या वढू परिसरातल्या दोन ते दहा वर्षांच्या मुलांनीही त्या चाचणीत दंड पुढं केले. ही मुलं आजारी नव्हती, आणि लस तपासण्यातली खरी अडचण तिथंच आहे. औषध आजाऱ्याला देतात, थोडा धोका चालतो. लस धडधाकट लेकराला द्यायची असते. म्हणून दर पायरीला थांबून बघायचं. आईबापांची लेखी संमती त्यांच्या भाषेत घ्यायची. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर कागद वाचून दाखवायचा आणि मगच अंगठा. अधेमध्ये केव्हाही 'आम्हाला नको' म्हणायची मुभा.

लस चालते हे कसं ठरवायचं? साथ येईपर्यंत वाट बघत बसायचं? इथं प्रयोगशाळेतली एक सुंदर चाचणी कामी येते. लस घेतलेल्याचं रक्तद्रव घ्यायचं, ते दुप्पट, चौपट, आठपट असं पातळ करत जायचं आणि प्रत्येक नळीत जिवंत जंतू सोडायचे. जंतू मारायला प्रतिपिंडांना रक्तातली काही मदतनीस प्रथिनं लागतात. ती बऱ्याचदा सशाच्या पिलांच्या रक्तातून घेतात. किती पातळ केलं तरी जंतू मरतात, त्यावरून लसीचा जोर कळतो. असा जोर ज्यांच्या रक्तात आहे त्यांना हा रोग होत नाही, हे 1969 मध्ये अमेरिकी जवानांच्या अभ्यासातून कळलं होतं. त्या भरवशावर मेनआफ्रिव्हॅक मंजूर झाली आणि 6 डिसेंबर 2010 रोजी बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली.

पण नळीतला निकाल आणि गावातला निकाल एकच असेल असं नाही. गावातला निकाल आफ्रिकेतल्याच चाड या देशात दिसला. 2011 अखेर तिथल्या काही भागांत लस पोचली होती, काही भागांत अजून पोचायची होती. 2012 च्या साथीत लस मिळालेल्या भागांत मेंदूज्वराचं प्रमाण 94 टक्क्यांनी कमी निघालं. निरोगी माणसांच्या घशात दडून बसणारा जंतूही कमी झाला, म्हणजे न टोचलेल्यांनाही आडोसा मिळाला. आणखी एक: ही लस 40 अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस बर्फाशिवाय टिकते, हे तपासून सिद्ध केलं गेलं. लसीचा डबा खांद्यावर टाकून वाडीवस्तीवर चढलेल्या आपल्या आशाताईंना याचं मोल मी सांगायला नको.

'ए' गट हटला, पण बाकीचे गट होतेच. म्हणून आता पाच गटांवरची लस आली आहे. तीही पुण्याचीच. 2024 मध्ये नायजेरियानं ती सर्वांत आधी वापरली. 'बी' गटानं मात्र शास्त्रज्ञांना फार रडवलं. त्याची साखर आपल्याच मेंदूतल्या पेशींवरच्या साखरेसारखी असते, त्यामुळं शरीर तिला परकी मानतच नाही. शेवटी साखर सोडून त्या जंतूची अख्खी जनुकीय कुंडली वाचून त्यातून प्रथिनं निवडावी लागली. आपल्या सरकारी वेळापत्रकात मेनिंगोकोकसची लस नाही. हजला जाणाऱ्यांना मात्र ती घ्यावीच लागते, हे आपल्या हाजी मंडळींना ठाऊक आहे.

तर आजी, तुमच्या नातवाच्या दुसऱ्या मांडीचं हे असं आहे. परवा यातलं थोडं सांगितलं तेव्हा त्या पदरानं बाळाचं नाक पुसत म्हणाल्या, "ते समदं खरं वो. रात्री ताप भरला तर काय करू तेवढं सांगा."

तेच सांगते. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा. एक-दोन दिवस ताप, मांडीला सूज, किरकिर असू शकते. पॅरासिटामॉल बाळाच्या वजनाप्रमाणं सिस्टर सांगतील तेवढंच द्या. दूध पाजत राहा. टोचल्या जागी हळद, चुना, बाम काही चोळू नका. आणि लस झाली असो वा नसो, बाळ दूध ओढेना, टाळू फुगली, झटके आले, उचललं तरी गळाठलेलंच राहिलं, तर सकाळची वाट बघू नका, अंगारा लावत बसू नका. रिक्षा मिळेल ती पकडा आणि दवाखाना गाठा. पुढचा डोस अडीच महिन्याला आहे, कार्ड घेऊन या.

नमस्कार.