बाजरीच्या कोठाराचं दार

नमस्कार श्रोतेहो.

बाजरी आपली, असं आपण म्हणतो. पण ती मूळची पश्चिम आफ्रिकेची. तिथं, माली देशात, बांदियागाराच्या लांबलचक कड्याच्या अंगाखांद्यावर डोगोन लोकांची गावं आहेत. बाजरी त्यांचंही रोजचं अन्न. ती ठेवायला मातीची उंच कोठारं, डोक्यावर गवताची टोकदार टोपी आणि भिंतीत बरंच वर एक छोटंसं लाकडी दार. त्या दारावर पूर्वज कोरलेले असतात, एकाशेजारी एक. कोरतो कोण? लोहार. सुतार नव्हे, लोहार! एवढं लक्षात ठेवा.

आता गोष्ट ऐका. १९४६ साली ओगोतेम्मेली नावाच्या एका आंधळ्या म्हाताऱ्या शिकाऱ्यानं मार्सेल ग्रिओल या फ्रेंच अभ्यासकाला ३३ दिवस समोर बसवून डोगोनांची सृष्टिकथा सांगितली. त्यातला पहिला लोहार आभाळात राहत होता. पृथ्वीवर विस्तव नाही, म्हणून त्यानं सूर्याचा एक तुकडाच चोरला. निघाला कशावरून? कोठारावरून! आत बियाणं, प्राणी, सगळं भरलेलं. हा छपरावर उभा आणि इंद्रधनुष्यावरून कोठार सुसाट खाली घसरतंय. वरून विजा कोसळतायत. त्यानं भात्याचं कातडं ढालीसारखं पुढं धरलं. कोठार धाडकन जमिनीवर आदळलं आणि लोहाराचे हातपाय मोडले. तोवर हातापायांना सांधेच नव्हते, सापासारखे लवचीक होते. मोडले तिथं कोपरं झाली, गुडघे झाले. त्या कोपरामुळेच माणूस घण उचलू लागला, कुदळ मारू लागला. मी ही गोष्ट कितीदा सांगितली असेल, पण दर वेळी सांगताना माझा हात आपोआप कोपराकडं जातो.

तर असा हा लोहार. दार त्याचं, दारावरचं लाकडी कुलूपही त्याचंच. त्या कुलपावर पुष्कळदा पूर्वजांची जोडी बसलेली असते.

बाईचं कोठार मात्र वेगळं. तिचं धान्य, तिचे कपडे, तिचे दागिने; तिला विचारल्याशिवाय नवरासुद्धा ते उघडत नाही. आपल्याकडं आजीची ट्रंक असायची ना, तसंच. प्रत्येक घरात एक तरी किल्ली फक्त बाईची असावी, असं माझं ठाम मत आहे. कपाट दोघांचं म्हणायचं आणि किल्ली त्याच्या खिशात, हे मला पटत नाही.

असो, दाराकडं येऊ. यातली कितीतरी दारं व्यापाऱ्यांनी विकत घेतली. ती आज युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत भिंतीला टांगलेली आहेत. आणि कड्याखालच्या अनेक कोठारांना आता साध्या फळ्या आहेत.