पडद्याच्या तळाच्या दोन ओळी

पत्रिकेत विषय छापलाय ‘एडिटरमधल्या आज्ञांसाठी सूचना कशा लिहाव्यात’. सुरुवात मात्र एका प्रश्नचिन्हापासून करू. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या ‘एड’ या जुन्या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या-सुधारायच्या प्रोग्राममध्ये, आज्ञा चुकली की पडद्यावर नुसतं ‘?’ उमटतं. काय चुकलं ते कळायला ‘एच’ टाइप करून एंटर. पण ‘एच’ टाइप करा, हे सांगणार कोण? परत तेच प्रश्नचिन्ह!

त्यामानाने ‘नॅनो’ हा एडिटर दिलदार. २४ ओळींच्या टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांनी आज्ञा द्यायच्या खिडकीत, तळाच्या दोन ओळी कायम सूचनांना दिलेल्या, म्हणजे घराचा बारावा हिस्सा पाहुण्यांना. पण बाहेर पडण्यासाठी लिहिलंय काय? ‘^एक्स’. ही टोपी म्हणजे कंट्रोल, हे आपल्याला ठाऊक. नवशिका शिफ्ट धरून ६ दाबतो, मग एक्स. एडिटर बंद होत नाही, फाइलमध्ये दोन अक्षरं तेवढी वाढतात. केलेला बदल मागे घ्यायची ‘एम-यू’ तर त्याहून कठीण: एम म्हणजे मेटा, आणि ही कळ आजच्या कीबोर्डवर शोधून सापडत नाही. तिथे ऑल्ट धरून यू दाबायचं, किंवा एस्केप दाबून सोडायचं आणि मग यू. शिवाय शोधायला कंट्रोल-डब्ल्यू. ब्राउझरमधल्या टर्मिनलात तो दाबला की बहुधा शब्द सापडायच्या आत टॅबच मिटतो!

आता ‘नॅनो’तून बाहेर पडताना बघा. विचारणा होते, ‘बदललेला बफर सेव्ह करायचा?’ बफर, म्हणजे स्मृतीत तात्पुरता ठेवलेला मजकूर, हा प्रोग्रामच्या पोटातला शब्द. लिहिणाऱ्याच्या लेखी ती फाइल असते. जुन्या आवृत्त्यांत पुढे कंसात, मोठ्या अक्षरांत, ‘नाही म्हटलंत तर बदल नष्ट होतील’ अशी तंबी असायची. नंतर ती काढली. ओरडणं गेलं ते बरंच झालं, पण परिणाम सांगणारं वाक्यही त्याबरोबर गेलं. ‘वाय’ दाबलं की फाइलचं नाव आधीच भरलेलं दिसतं. माणसाला वाटतं, झालं सेव्ह. खरं तर अजून एंटर बाकी असतो, आणि तो दाबा असं ठळक कुठेच लिहिलेलं नसतं.

पाच मिनिटं उरली म्हणता? मग मुद्द्याचं भराभर सांगतो.

सूचना केव्हा दाखवायची, हे ‘वर्डस्टार’ या जुन्या लेखन-प्रोग्रामने फार पूर्वी सोडवलंय. कंट्रोल-के दाबून थांबलात, तर पुढच्या कळांची यादी येते. सरावाचा हात लगेच ‘एस’ दाबून सेव्ह करतो, त्याला यादी दिसतच नाही. म्हणजे अडखळला त्यालाच मदत. ‘ईमॅक्स’ या एडिटरमधलं ‘व्हिच-की’ हे जोड-साधन हेच करतं, मूळ सेटिंगमध्ये एक सेकंद थांबून. विलंब फार कमी ठेवला तर यादी सतत डोळ्यांपुढे लवलवते, फार वाढवला तर अडलेला माणूस त्याआधीच भलती कळ दाबतो.

सूचना काय सांगायची, याचा नमुना, हसू नका, बाहेर पडायला अवघड म्हणून बदनाम असलेल्या ‘विम’ या एडिटरमध्ये आहे. अलीकडच्या आवृत्तीत न साठवलेले बदल असताना कंट्रोल-सी दाबा. तळाशी येतं: ‘:क्यूए!’ टाइप करा आणि एंटर दाबा, सगळे बदल सोडून बाहेर पडाल. कोणती अक्षरं, शेवटी कुठली कळ, गमावणार काय, तिन्ही एका ओळीत. बदल नसले तर उद्गारचिन्हही नाही, धमकीही नाही.