आजीबाईंचा पाय आणि गिटारची तार

नमस्कार, श्रोतेहो.

मोरी तुंबली तर आपण लगेच भिंत फोडायला घेत नाही. आधी तार घालून बघतो. आज ज्या उपचारांबद्दल बोलायचं आहे, त्यांचं मर्म एवढंच आहे. जांघेतून किंवा मनगटातून रक्तवाहिनीत एक बारीक तार सरकवायची, तारेवरून नळी न्यायची आणि नजर ठेवायची एक्स-रेच्या पडद्यावर. तार, नळी, पडदा. एवढे तीन शब्द ध्यानात ठेवा.

या नळीला, म्हणजे कॅथेटरला, मराठी प्रतिशब्द काय असावा यावर एकदा एका सभेत पाऊण तास वाद झालेला मी ऐकला आहे. ‘नळी’ हा शब्द तिथे कुणालाच पुरेसा भारदस्त वाटेना. मला तो पुरतो. असो.

तर गोष्ट १९६४ सालची. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातलं पोर्टलंड शहर, तारीख १६ जानेवारी. ब्याऐंशी वर्षांच्या एक आजीबाई दवाखान्यात होत्या. मांडीतली रक्तवाहिनी अरुंद झालेली, पावलाला रक्त पोचेना, जखम चिघळलेली, बोटं काळी पडू लागलेली. सर्जन म्हणाले, पाय कापावा लागेल. आजीबाई म्हणाल्या, नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. आपल्याकडच्या आज्या काही वेगळ्या नसतात.

त्याच दवाखान्यात चार्ल्स डॉटर नावाचा रेडिओलॉजिस्ट होता. त्या काळी रेडिओलॉजिस्टचं काम म्हणजे एक्स-रेचा फोटो काढायचा आणि सर्जनच्या हातात द्यायचा. एका पेशंटच्या चिठ्ठीवर तर सर्जननं डॉटरसाठी लिहूनच पाठवलं होतं, की फोटो तेवढा काढा, दुरुस्ती करायला जाऊ नका! कारण या गृहस्थाला खटपटीची खोड. रक्तवाहिनीत घालायच्या तारा बनवायला तो गिटारच्या तारा वापरायचा. आदल्या वर्षी शिकागोला डॉक्टरांचं मोठं संमेलन होतं. तिथे बिल कुक नावाचा एक तरुण आपल्या स्टॉलवर गॅसच्या ज्योतीवर टेफ्लॉनच्या नळ्यांना आकार देत बसला होता. डॉटरनं त्याच्याकडून तो गॅसचा बर्नर आणि थोडी नळी उसनी मागितली, हॉटेलच्या खोलीत नेली आणि रात्रीतून दहा कॅथेटर तयार केले. दुसऱ्या दिवशी कुकनं ते दहा-दहा डॉलरला विकले. आजच्या हॉटेलात हे करून बघा, आधी अग्निशमन दल येईल.

हो, आजीबाई राहिल्या. डॉटरनं त्यांच्या मांडीतल्या त्या अरुंद जागेतून तार पलीकडे नेली. तारेवरून एक बारीक नळी घातली, मग त्या नळीवरून तिच्याहून जाड नळी. बस. छेद नाही, पूर्ण भूलही नाही. थोड्याच वेळात गार पडलेलं पाऊल कोमट झालं. आठवड्याभरात दुखणं गेलं, पुढे जखमही भरली. आजीबाई त्यानंतर दोन वर्षांहून अधिक जगल्या आणि अखेरपर्यंत स्वतःच्या दोन पायांवर चालल्या. सर्जन मंडळी मात्र डॉटरला ‘वेडा चार्ली’ म्हणत राहिली.

तार, नळी, पडदा. पुढे १९७७ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरनं नळीच्या टोकाला फुगा लावून हृदयाची रक्तवाहिनी उघडली. त्या फुग्याचे पहिले नमुने त्यानं घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवले होते. तीच अँजिओप्लास्टी. आता गल्लीत प्रत्येक दुसऱ्या घरात एक तरी स्टेंट सापडतो, त्यामुळे ती समजावून सांगत नाही.

कधी याच्या उलटही करतात, म्हणजे वाट मुद्दाम बंद करतात. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींना रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत नळीतून रव्याच्या दाण्याएवढे कण सोडतात. रसद तुटली की गाठ आक्रसते. पिशवी काढावीच लागेल असं ऐकलं, तर हा पर्याय आपल्याला चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारा. सगळ्यांना चालत नाही. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधी सांगा, कारण रक्तवाहिनी पडद्यावर दिसण्यासाठी जे औषध टोचतात त्याचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो.

आता घाईचं. पक्षाघात. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तर तीही याच वाटेनं, जांघेतून वर जाऊन, ओढून काढता येते. २०१५ साली एकामागून एक पाच अभ्यासांनी याचा फायदा दाखवला. तेव्हा मुदत साधारण सहा तासांची धरत. २०१८ पासून, मेंदूच्या तपासणीत वाचवण्याजोगा भाग दिसला, तर निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंतही करतात. पण चोवीस तास ऐकून निवांत बसू नका. जितका उशीर तितका मेंदू जातो. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, की कांदा हुंगवत बसू नका, गाडी काढा. दवाखान्यात पहिला प्रश्न हाच विचारतात, की माणूस शेवटचा धड कधी होता? ‘सकाळी’ म्हणू नका. घड्याळातली वेळ सांगा. पुन्हा सांगतो, घड्याळातली वेळ.

नुसत्या ध्वनिलहरींनी, सुईही न टोचता, यकृतातली गाठ फोडणाऱ्या यंत्राला अमेरिकेत २०२३ साली मंजुरी मिळाली, त्याबद्दलही बोलायचं होतं. पण माझी वेळ नेहमीप्रमाणे डॉटरनं खाल्ली. ते पुढच्या वेळी. नमस्कार.