थुंकी नको, बेडका हवा

क्षयरोगाच्या तपासणीसाठी कागदोपत्री आपण ‘थुंकी तपासणी’ लिहितो आणि गडबड तिथूनच सुरू होते. रुग्णाच्या हातात डबी दिली, ‘थुंकी आणा’ म्हटलं, की तो माणूस इमानदारीत थुंकी आणतो. पातळ, फेसाळ, कधी मिश्रीचा रंग उतरलेली. आपल्याला हवा असतो बेडका, छातीतून खोकून काढलेला. क्षयाचे जंतू सापडतात ते त्यात. थुंकीत भरभरून असतात ते तोंडातले इतर जंतू.

आता या दोघांना एकाच नळीत वाढवा. क्षयाचा जंतू एकाचे दोन व्हायला साधारण वीस तास घेतो. ई. कोलायसारखा जंतू तेच काम पोषक माध्यमात वीस मिनिटांत उरकतो. शर्यत सुरू होण्याआधीच निकाल लागलेला! म्हणून पेरणीआधी, म्हणजे जंतू वाढवून पाहायला नमुना माध्यमाच्या नळीत घालण्याआधी, त्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करावी लागते. पेट्रॉफ या शास्त्रज्ञाची ही पद्धत १९१५ची, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. क्षयाच्या जंतूच्या भिंतीत मेणासारखे पदार्थ असतात, त्यामुळे तो सोड्यात तग धरतो, बाकीचे बरेचसे मरतात.

तग धरतो म्हटलं; त्याला काहीच होत नाही असं नाही म्हटलं. सोडा त्यालाही मारतोच, फक्त सावकाश. इतर जंतू वाढून नळ्या खराब व्हायला लागल्या की आपला हात आधी सोड्याच्या बाटलीकडे जातो: थोडा कडक करू, पाच मिनिटं जास्त ठेवू. नळ्या स्वच्छ दिसतात, साहेब खूश होतात. पण ज्याच्या बेडक्यात मोजकेच जंतू होते त्याचा अहवाल निगेटिव्ह जातो. घन माध्यमावर ३ ते ५ टक्के आणि द्रव माध्यमात ८ ते १० टक्क्यांपर्यंत नळ्या खराब होणं चालतं, असं मानतात ते याचमुळे. कुणी मला ‘आमच्याकडे शून्य टक्के’ असं अभिमानानं सांगितलं, तर मी आधी त्यांचा सोडा तपासायला मागेन.

सोड्याची वेळ पंधरा ते वीस मिनिटं, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण कुठल्या नळीची वेळ? वीस नळ्यांत एकेक करून सोडा घालत गेलात, तर शेवटच्या नळीपर्यंत पोचताना पहिलीची निम्मी वेळ संपलेली असते. सोड्याचा जोर उतरवणारं द्रावण, म्हणजे बफर, घालतानाही तोच क्रम ठेवा, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवून जंतू तळाशी बसवणाऱ्या यंत्रात) एका फेरीत मावतील तेवढेच नमुने घ्या. चिकट बेडका पातळ करायला आपण एन-अॅसिटिल सिस्टीन घालतो. ते मिसळलेलं द्रावण त्याच दिवशी वापरायचं, उरलं तर ओतून टाकायचं. इथे काटकसर नको.

आता प्रवासाबद्दल. चंद्रपूरकडचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. सकाळी दिलेला नमुना टेबलावर, मग गाडीत, मग सुट्टी आली म्हणून कुठेतरी कोपऱ्यात. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यात दुसऱ्या जंतूंची जत्रा भरलेली असते. मग पेरणी करणारा कितीही हुशार असो. बर्फाच्या पिशव्या खरोखर गोठलेल्या हव्यात. लगेच पाठवणं जमत नसेल तर नमुना फ्रिजमध्ये हवा. द्रव माध्यमात पाँटा हे प्रतिजैविकांचं मिश्रण घालतो खरं, पण त्यालाही मर्यादा आहेत.

आणि रुग्णाशी दोन मिनिटं बोला. डबी देताना सांगा: ‘काका, सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी, मिश्री लावायच्याही आधी, उकळून गार केलेल्या पाण्यानं चूळ भरा. मोकळ्या हवेत उभं राहा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि मग पोटापासून खोका.’ नुसतं सांगू नका, स्वतः खोल श्वास घेऊन दाखवा. मावशी लाजत असतील तर आशाताईंना सोबत घ्या.

शेवटी एक काम देतो. खराब झालेल्या नळ्यांची नोंद महिन्याच्या एकूण आकड्यात बुडवू नका. नमुना कुठल्या केंद्राकडून आला, किती दिवसांनी पोचला, कुणी प्रक्रिया केली, असे रकाने आखा. एकाच केंद्राचे नमुने वारंवार खराब होत असतील, तर सोड्याला हात न लावता तिथे फोन करा आणि विचारा, तुमचा फ्रिज चालू आहे ना?